थंड तंदूरच्या मालकास

हमरस्त्यावरच्या त्या ढाब्याच्या मालकांस,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची हाताला सवय आहे. या पत्रात नमस्कार आहे, सप्रेम नाही. तुमचं नाव मी लिहीत नाही, तुमच्या ढाब्याचंही नाही. तुमच्यासारखे गावोगाव आहेत आणि हे पत्र आपल्यालाच आलंय असं त्यांच्यापैकी प्रत्येकाला वाटावं, अशी माझी इच्छा आहे.

मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आम्ही घरचे सहाजण तुमच्याकडे जेवायला आलो होतो. बरोबर माझे वडील होते, वय ८१. हल्ली त्यांना जेवण फार जात नाही. त्या दिवशी मात्र गाडीत बसल्या बसल्या स्वतःहून म्हणाले, ‘आज काहीतरी भाजलेलं खाऊ.’ तेवढ्यात तुमची पाटी दिसली. ‘अस्सल कोळशावरची तंदुरी.’ अक्षरांना ज्वाळा रंगवलेल्या. दाराशी काचेची खोली, खोलीत मातीचा मोठा तंदूर आणि त्यावर तांबडा दिवा. वडील त्या उजेडाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. त्यांना बरं वाटलं होतं. तुम्ही हे विसरू नये म्हणून लिहिते आहे.

ऑर्डर दिल्यापासून नवव्या मिनिटाला अख्खी तंदुरी कोंबडी टेबलावर आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी लाल, जशी नवी बादली असते. कडेला कुठे करपलेला ठिपका नाही, सांध्याच्या खोबणीत कुठे फिकेपणा नाही, सळई आरपार गेल्याचं भोक नाही. वरून तेल मात्र निथळत होतं. वडिलांनी तंगडीचा एक तुकडा तोडला, नाकाशी नेला आणि ताटात परत ठेवला. ‘पोरी, याला निखारा लागलेला नाही,’ एवढंच म्हणाले. मग वरण-भात मागवून चार घास खाल्ले.

मी उठून तुमच्या काचेच्या खोलीत गेले. तंदूरच्या तोंडावर हात धरला. थंड होता. आत राखसुद्धा नव्हती. होते शीतपेयांच्या बाटल्यांचे दोन रिकामे क्रेट, एकावर एक रचलेले. मागच्या बाजूच्या भटारखान्यात कढई उकळत होती आणि दुपारीच उकडून ठेवलेले लाल तुकडे त्यात सोडले जात होते. बाहेर काढल्यावर पोऱ्या त्यांच्यावरून गॅसच्या बर्नरची निळी ज्योत फिरवत होता, की झाली तंदुरी.

परत येते तर नातू बोटं धुवत होता. लिंबाची फोड घातलेल्या कोमट पाण्याचा तो वाडगा गुलाबी झाला होता. मी तो उचलून तुमच्या गल्ल्यावर आणून ठेवला. तुम्ही हसून म्हणालात, ‘मॅडम, हळद आहे. हळद लाल होतेच.’

साहेब, मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. हळद लाल होते ती साबणाने, सोड्याने, चुन्याने. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे. लिंबाच्या पाण्यात हळद पिवळीच राहते. आम्लात ती रंग बदलत नाही. राहिली मिरची. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात विरघळत नाही. म्हणून आमटीवर तवंग लाल दिसतो आणि खालचं पाणी तसं दिसत नाही. बीट म्हणालात तर बीटाचा रंग एवढ्या उकळीला आणि तळणाला टिकत नाही, तपकिरी पडतो. लिंबाच्या पाण्याला गुलाबी करणारी, कढईतून जिवंत बाहेर येणारी लाली ही डबीतली असते. डबीत नेमका कुठला रंग होता ते प्रयोगशाळा सांगेल. पण ती हळद नव्हती, आणि माझ्या तोंडावर ती हळद आहे असं सांगताना तुमचा चेहरा जराही हलला नाही.

यानंतर मी जे लिहिणार आहे ते रागाने नाही. वडिलांनी जो तुकडा परत ठेवला, त्यात काय नव्हतं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे थंडी पडली की भरीत होतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात त्याची महती सांगायला कधी कागद लागला नव्हता. फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, दोन्ही हातांत धरावी लागतील एवढी मोठी वांगी. वडील ती स्वतः निवडायचे. हातात तोलून बघायचे. आकाराच्या मानाने हलकं लागलं तरच घ्यायचे, कारण जड वांग्यात बिया जास्त. मग त्यांना काडीने टोचे द्यायचे, तेलाचा हात लावायचा आणि शेताच्या बांधावर तुराट्या पसरून त्यांच्यावर ओळीने मांडायची. तुरीच्या वाळल्या काड्यांचा जाळ भुर्रकन उठतो आणि तितक्याच लवकर बसतो. तो उठत असताना वडील बोलायचे नाहीत. लांब काठीने एकेक वांगं फिरवायचे. कुठलं वांगं कुठल्या कुशीवर राहिलंय ते त्यांना वासावरून कळायचं. साल काळी पडून कागदासारखी सुटायची, देठाजवळून रस फुटून राखेवर चर्र वाजायचा. सोललेला गर लाकडी बडगीत घालून ठेचायचा. त्यात त्याच राखेत भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, नंतर कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. त्या भरिताला धुराचा जो वास असतो तो वरून घातलेला नसतो. वांग्याच्या प्रत्येक रेषेत तो शिरलेला असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या भरितात तर जास्तच.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं की घरात चुलीचे निखारे पडलेत, मग बांधावर तुराट्या कशाला जाळायच्या. वडील म्हणाले, वांग्याला जाड साल आहे, ते जाळ सोसतं आणि साल स्वतः जळून आतला गर राखते. मांसाला अशी साल नाही. त्याला जाळ दाखवला तर वरून कोळसा आणि आतून कच्चं. त्याला निखाराच हवा. कणसाला गोवरीची मंद धग. भाकरीला तव्यावर दोन्ही अंगं शेकली की चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर क्षणभर उभं राहणं, तेवढ्यात ती टम्म फुगते. ज्याला त्याला त्याची त्याची आग. वडील चौथीपर्यंत शिकलेले. मी पुढे वर्गात उष्णतेचं वहन आणि प्रारण शिकवताना वर्षानुवर्षं त्यांचंच वाक्य फळ्यावर लिहीत आले.

तुम्ही त्या माणसापुढे काय ठेवलंत, हे आता तुमच्या लक्षात येईल.

लग्न होऊन मी अलिबाग तालुक्यात आले आणि पहिल्याच पौषात पोपटी पाहिली. मातीचं मडकं, तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या ताज्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, मधे मसाला लावलेली कोंबडी, अंडी, रताळी, बटाटे, पुन्हा शेंगा आणि मडक्याच्या तोंडात गच्च कोंबलेला पाला. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. मग सगळे नुसते बसून राहतात. काळोखात दिराने मडक्यावर पाण्याचा हबका मारला, पाणी आवाज करून क्षणात उडालं, आणि तो म्हणाला, ‘झाली.’ मडकं उघडल्यावर आलेला तो पाल्याचा, ओव्याचा, शेंगांच्या दुधाळ गोडीचा वास मला आजही येतो. वर्तमानपत्रावर ओतून सगळ्यांनी हाताने खाल्लं. कोंबडीचा रंग मातकट होता. कुणालाही ती लाल असायला हवी होती असं वाटलं नाही.

आणि हुरडा. सोलापूर, नगर, मराठवाडा, जिथे रब्बीची ज्वारी आहे तिथे. दाणा दुधातून बाहेर पडलाय पण अजून कडक झालेला नाही, अशा मोजक्या दिवसांत आगटी पेटते. गोवऱ्यांच्या धगीत कणसं खुपसायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. खोबऱ्या-लसणाची चटणी, गूळ, मडक्यातलं दही. चोळणाऱ्याचे हात काळे होतात, पोळतात. तो माणूस शेवटी जेवतो. भाजणाऱ्याने शेवटी जेवायचं, हा आपल्याकडे न सांगता पाळला जाणारा नियम आहे. विदर्भात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणारेही तसेच.

तुम्ही म्हणाल, हे शेतावरचं झालं, धंद्यात असं चालत नाही. चालतं. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीत १९४६ पासून बडेमियाँच्या सळया निखाऱ्यावर फिरत आल्या आहेत. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आजूबाजूला रात्रभर शेगड्या धगधगतात. एका हाताने सीख फिरवायची, दुसऱ्या हाताने पंखा, आणि गर्दी कितीही असली तरी मांस तयार होईपर्यंत सळई निखाऱ्यावरून उतरत नाही. लोणावळ्याला पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन बसणारी कणीसवाली बाई बघा. पुठ्ठ्याचा तुकडा हलवत ती निखारा जागा ठेवते, कणीस बोटभर फिरवते, पुन्हा थांबते, आणि मगच लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून वरून चोळते. तिच्याकडे काचेची खोली नाही. तिचा धंदा तुमच्याहून खूप लहान आहे आणि तुमच्याहून खूप खरा.

तंदूर ही किती विचाराने बनलेली वस्तू आहे, हे त्यात क्रेट ठेवणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. तळाशी कोळसा असतो, पण काम एकटा कोळसा करत नाही. तासभर आधी पेटवलेला असला की मातीची भिंत ती आग पिते आणि चारी बाजूंनी परत देते. सळईवरचं मांस मधोमध लटकतं, त्याला कुठे तव्याचा स्पर्श नाही. मांसातली चरबी आणि मसाल्याचं तेल थेंब थेंब निखाऱ्यावर पडतं, तिथे त्याचा धूर होतो आणि तोच धूर वर चढून त्याच मांसाला लागतो. लोक ज्याला तंदुरीचा वास म्हणतात तो हा. कढईत तळलेल्या तुकड्यातून निखाऱ्यावर काहीच पडत नाही, कारण निखाराच नाही. मग तुमच्याकडे वास कुठून येणार? वरून भुरभुरलेल्या चाट मसाल्यातून?

रंगाचंही तेच. तुम्हाला लालच हवं आहे ना? काश्मिरी मिरची आहे, ब्याडगी आहे. दोन्ही रंगाला गडद, तिखटाला सौम्य. मोहरीचं तेल जरा गरम करून त्यात मिरचीपूड घोटली की रंग तेलात उतरतो. आधी मीठ, लिंबू आणि मिरची चोळून ठेवायचं, मग बांधून पाणी काढलेलं दही, आलं, लसूण, कसुरी मेथी, आणि ते तेल. रात्रभर मुरू द्यायचं. भाजून निघाल्यावर रंग विटकरी येतो, उंचवट्यांवर काळसर, घडीत केशरी. हा रंग एकसारखा नसतो, कारण आग एकसारखी लागत नाही. तुमच्या डबीतल्या रंगाला मसाल्याची किंमत वाचवायची आहे, रात्रभराचं मुरणं वाचवायचं आहे, आणि कोंबडी शिळी असेल तर तेही झाकायचं आहे.

आता कायद्याचं. आपल्या देशात ठरावीक आठ कृत्रिम रंगांना ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. कबाब त्या यादीत नाही. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने कबाबांचे ३९ नमुने तपासले. त्यांतले ८ असुरक्षित निघाले, त्यांत सनसेट यलो आणि कार्मोइसिन सापडले. सरकारने राज्यभर चिकन आणि माशांच्या कबाबांत कृत्रिम रंग घालण्यावर बंदी आणली. मोडणाऱ्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. हे दोन्ही रंग ज्या सहा रंगांत मोडतात, त्यांच्याबद्दल २००७ साली ब्रिटनमधल्या साउथहॅम्प्टनच्या संशोधकांनी अभ्यास केला. या रंगांचं आणि सोडियम बेंझोएटचं मिश्रण दिलेल्या मुलांत चंचलपणा वाढलेला त्यांना दिसला. २०१० पासून युरोपात त्या रंगांच्या पदार्थांवर मुलांसाठीचा इशारा छापावा लागतो. तुम्ही माझ्या सहा वर्षांच्या नातवाला तंगडी वाढताना कुठला इशारा दिलात? तुमच्या बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापलेला आहे. तो आकडा म्हणजे तुम्ही दिलेला शब्द आहे.

कोळशाच्या धुराने शहरं गुदमरतात, हेही मला ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं आणि त्यानंतर महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांना नोटिसा दिल्या. मला ते पटतं. ज्या कामगाराच्या छातीत दिवसाचे बारा तास तो धूर जातो, त्याचाही विचार व्हायला हवा. गॅसच्या तंदूरमध्येही मातीची भिंत तापते, मसाल्याचा थेंब तापल्या मातीवर पडतो, आणि मांस मनापासून मुरवलेलं असेल तर ते उत्तम होतं. मी खाल्लेलं आहे. गॅस वापरलात म्हणून मी तुम्हाला एक शब्दही बोलले नसते. तुमच्याकडे गॅसचा तंदूर नाही, विजेचा नाही, कोळशाचाही नाही. तुमच्याकडे कढई आहे, आणि पाटीवर कोळसा आहे.

मला सर्वांत जास्त लागलं ते यानंतरचं. पुढच्याच शनिवारी मी घरी, गच्चीवर, जुनी शेगडी काढली. नातवासाठी. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबले, रात्रभर मुरवलेले तुकडे जाळीवर मांडले, अर्धा तास उलटत-पालटत भाजले. वडील खुर्ची घेऊन शेजारी बसले होते, मधूनच ‘अजून थांब’ म्हणत होते. पहिला तुकडा त्यांनी घेतला आणि डोळे मिटून सावकाश चावला. दुसरा मी नातवाला दिला. त्याने ताटाकडे बघितलं आणि विचारलं, ‘आजी, हे लाल का नाही? हे कच्चं आहे का?’

त्याने तो खाल्ला नाही.

माझ्या वडिलांच्या पाठीशी ८१ वर्षांचं खाणं आहे. तुम्ही त्यांना फसवू शकला नाहीत. या मुलाकडे अजून तुलना करायला काहीच नाही. त्याच्या मनात तंदुरी म्हणजे तुमची डबी बसली आहे. तुम्ही एका जेवणाचे पैसे घेतलेत आणि त्या मुलाची जीभ घेऊन गेलात. ती परत आणायला मला किती शनिवार शेगडी पेटवावी लागेल, माहीत नाही. पण मी पेटवणार आहे. यंदा थंडीत त्याला गावी नेणार आहे, बांधावर तुराट्यांचा जाळ दाखवायला, वडिलांच्या हातात काठी धरता येतेय तोवर. पौषात अलिबागला मडक्यावर पाण्याचा हबका त्यालाच मारायला लावणार आहे.

तुमच्याकडून मला पैसे परत नकोत. पाटी बदला. ‘तळलेली मसाला कोंबडी’ असं लिहा. लोक तीही आवडीने खातील आणि कुणाची फसवणूक होणार नाही. नाहीतर पाटी तशीच ठेवा आणि तंदूर पेटवा, कोळशाचा चालत नसेल तर गॅसचा लावा आणि पाटीवर गॅस लिहा. डबी फेकून द्या. मेनूच्या पहिल्या पानावर एक ओळ छापा, ‘तंदुरीला चाळीस मिनिटं लागतील.’ आम्ही थांबू. माझे वडील तर नक्की थांबतील, त्यांना थांबायची सवय आहे.

तोवर निदान ते दोन क्रेट तरी तंदूरमधून बाहेर काढा.

आपली,
त्या रविवारची, लिंबाच्या पाण्याचा वाडगा गल्ल्यावर ठेवून गेलेली बाई